भाजी आधी निवडावी लागते

कोयंबेडूच्या बाजारात पहाटे तीनला दिवस ऐन भरात आलेला असतो. नाशिक-नगरकडच्या ट्रकवरून कांद्याची पोती उतरत असतात, कोलार-मदनपल्लीचे टोमॅटोचे क्रेट एकावर एक रचले जात असतात. डोक्यावर पोतं घेतलेला हमाल इथे वाट मागत थांबत नाही. तो सरळ चालत येतो, बाजूला आपण व्हायचं. पायाखाली कोबीची बाहेरची पानं, फुटलेले टोमॅटो आणि पाण्याचा मिळून एक निसरडा थर झालेला असतो. चपला घालून आलेला नवखा माणूस त्यावर लगेच ओळखू येतो. महाराष्ट्रातून आलेला मोठा कांदा तमिळनाडूत सर्रास ‘बेल्लारी’ म्हणून विकला जातो. नाशिककरांनी हे मनाला लावून घेऊ नये, कारण लासलगावात भाव हलला की त्याचा धक्का इथल्या गाळ्यांपर्यंत पोचतो.

हा बाजार १९९६ साली सुरू झाला. त्याआधी चेन्नईची भाजी जॉर्ज टाउनमधल्या कोतवाल चावडीत उतरायची. तिथल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आणि माल लॉरीचा. शेवटी महानगर विकास प्राधिकरणानं शहराच्या पश्चिमेला सुमारे २९५ एकरांवर भाजी, फळं आणि फुलं असे तीन विभाग बांधून बाजार तिकडे हलवला. एवढं मोठं शहर एकाच बाजाराच्या तोंडाकडे पाहतं याचा अर्थ काय, ते मे २०२०मध्ये कळलं. कोरोनाची लागण इथून पसरू लागल्यावर बाजार बंद करून शहराबाहेर तिरुमळिसैला न्यावा लागला आणि भाजीचा घाऊक व्यवहार कोयंबेडूत परतायला सप्टेंबरअखेर उजाडली.

पण कोयंबेडूत मिळतो तो माल. त्याची भाजी व्हायला अजून बराच अवकाश असतो. केळफुलांचा ढीग इथे जांभळ्या, जाड सालपटांसकट पडलेला असतो. शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या हातभर लांब. पालेभाज्यांच्या जुड्यांना मुळं आणि मुळांना माती. सांबारात लागणारे ते बोटाच्या पेराएवढे छोटे कांदे, म्हणजे चिन्न वेंगायम, पोत्यात भरलेले आणि एकेकाला तीन-चार पापुद्रे. या सगळ्याचं पोरियल, कूट्टू, सांबार होण्याआधी कुणीतरी बसून ते निवडायचं, सोलायचं, चिरायचं असतं. भाजीबद्दल आपण भावाचं बोलतो, जीवनसत्त्वांचं बोलतो. या मधल्या कामाचं फारसं कुणी बोलत नाही, कारण ते घरात होतं आणि फुकट होतं.

चेन्नईत मात्र ते रस्त्यावर पाहता येतं. त्यासाठी संध्याकाळी मांबलम स्टेशन गाठावं.

बीच ते तांबरम या लोकलमार्गावरचं हे स्टेशन. एका अंगाला त्यागराय नगर, दुसऱ्या अंगाला पश्चिम मांबलम. त्यागराय नगरच्या बाजूला रंगनाथन स्ट्रीट; साड्या, भांडी, प्लॅस्टिक आणि माणसं यांनी ती अशी भरलेली असते की तिथे चालावं लागत नाही, गर्दीच पुढे नेते. या गर्दीच्या कडेला, स्टेशनच्या आसपास, बाया गोणपाट अंथरून बसतात. पुढ्यात पारदर्शक पिशव्या: बारीक चिरलेली फरसबी, सोललेले छोटे कांदे, सोललेला लसूण, शेवग्याचे तुकडे, सांबारासाठी चार भाज्यांची मिसळ, साफ केलेलं केळफूल, केळीच्या खोडाचा चिरलेला गाभा. ऑफिसातून सुटून लोकलकडे निघालेली बाई घाईत वाकून विचारते, “अक्का, वाळैपू इरुक्का?” केळफूल असेल तर पिशवी हातात पडते, नसेल तर अक्का नुसती मान हलवते. हातातलं काम थांबत नाही.

ते काम जवळून पाहण्यासारखं आहे. विळी आपलीच, तमिळमध्ये अरिवाळमनै. एक गुडघा उभा, दुसरा पाय पाटावर दाबलेला, पातं आपल्याकडे वळलेलं. केळफूल हातात आलं की आधी तळव्यांना तेलाचा हात फिरतो, कारण केळीचा चीक एकदा बोटांना बसला की काळे डाग दिवसचे दिवस जात नाहीत. मग एकेक जांभळं सालपट मागे मोडायचं. त्याच्याखाली पिवळसर कळ्यांची फणी असते, दुहेरी रांगेत दाटीनं बसलेली. फणी उपटून घ्यायची, कळ्यांची तोंडं अंगठ्यानं चोळून उघडायची आणि प्रत्येक कळीतून दोन गोष्टी काढायच्या: मधली टोकाला गाठ असलेली ताठ काडी आणि बुडाशी असलेला काचेसारखा पापुद्रा. काडी शिजता शिजत नाही आणि पापुद्रा घशात टोचल्यासारखा लागतो. एका फुलात अशा कळ्या शेकड्यांनी असतात. सालपटं मोडत आत जावं तसतशी फणी लहान आणि फिकी होत जाते. अगदी आतला पांढरा कोंब कोवळा असतो, तो तसाच चिरला तरी चालतो. कोकणातल्या घरांना यात नवल वाटणार नाही. श्रावणात केळफुलाची भाजी करणाऱ्या प्रत्येक आजीनं हे केलेलं आहे. फरक इतकाच की आजी घरच्यांपुरतं एखादं फूल निवडायची आणि इथे एकामागून एक फुलं संपत असतात.

चिरलेलं केळफूल लगेच ताकाच्या पाण्यात पडतं. केळीच्या पेशी कापल्या की त्यातल्या द्रव्यांची हवेशी गाठ पडते आणि एका विकराच्या करामतीनं ती काळी पडतात. आंबट पाण्यात हा विकर ढेपाळतो. व्हेनिसच्या रिआल्तो बाजारात आर्टिचोकचे काटेरी पापुद्रे तासून त्याचे बुडखे लिंबाच्या पाण्यात सोडणारे विक्रेते हेच करतात. मेक्सिको सिटीच्या बाजारात नोपाल म्हणजे निवडुंगाच्या पानांचे काटे सुरीनं सपासप काढून ती विकायला बसलेल्या बाया दिसतात. जिथे जिथे कटकटीची आणि तरी लाडकी भाजी आहे, तिथे ती निवडून देणारा कुणीतरी बाजारात बसलेला आहे.

गाभ्याचं काम वेगळं आहे. खोडाची बाहेरची आवरणं काढत गेलं की मनगटाएवढा पांढरा दंडगोल उरतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या. प्रत्येक चकती विळीवरून सुटताना मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सोडते आणि ते धागे दुसऱ्या हाताच्या तर्जनीवर गुंडाळत जायचे. चार-सहा चकत्यांमागे बोटावर सुताची अंगठी तयार होते, ती काढून टाकायची, पुन्हा सुरू. हा गाभा मुतखड्यावर उत्तम, असं चेन्नईत कुणीही सांगेल. ते कितपत खरं ते डॉक्टरांनी सांगावं. पाणी आणि चोथा भरपूर असलेली ही हलकी भाजी आहे, एवढं मात्र नक्की.

इथे सगळं एकाच आकारात चिरून चालत नाही. तमिळ जेवणात भाजी हा एकच पदार्थ नसून ती पानभर पसरलेली असते. पोरियलसाठी फरसबी इतकी बारीक हवी की मोहरी-उडदाच्या डाळीच्या फोडणीत पाण्याच्या हबक्यावर ती शिजावी आणि वरून पडलेल्या ओल्या खोबऱ्यात मिसळून जावी. कूट्टूत डाळीबरोबर भाजी शिजते, तेव्हा कोहळा किंवा पडवळाच्या फोडी थोड्या मोठ्या. अवियल मुळात केरळचं, पण चेन्नईच्या लग्नात हटकून असणारं; त्यात सुरण, कच्ची केळी, शेवगा, कोहळा सगळं बोटाएवढ्या लांब तुकड्यांत हवं. गोल फोडी दिसल्या तर लग्नघरातली जाणती माणसं आचाऱ्याकडे रोखून पाहतात. सांबारातला शेवगा दोन-अडीच इंचांचा, म्हणजे बोटांत धरून ओढता येईल असा. पालेभाजी शिजवून मातीच्या भांड्यात लाकडी घोटणीनं हाटतात. आपल्या अळूच्या फदफद्याला शोभेल असाच प्रकार. दोडक्याच्या शिरासुद्धा फेकत नाहीत, त्यांचं तोगयल होतं. ते मराठी माणसाला शिरांची चटणी म्हणून माहीत आहे.

यात शहाणपणही आहे. कूट्टू आणि सांबारात भाजी ज्या पाण्यात शिजते ते पाणी पानातच येतं, त्यामुळे पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जात नाहीत. पालेभाज्या, गाजर, भोपळा यांतलं कॅरोटीन शरीरात शोषलं जायला थोडी चरबी लागते, ती खोबऱ्यातून आणि फोडणीतून मिळते. पोषणशास्त्राचा अभ्यास करून कुणी पोरियल शोधून काढलेलं नाही, पण आहारतज्ज्ञाला त्यात बदल सुचवायला फारशी जागाही नाही.

मैलापूर-मांबलमच्या घरांत भाज्यांचे दोन गट असतात: ‘नाट्टू’, म्हणजे देशी, आणि ‘इंग्लिश’. गाजर, कोबी, फ्लॉवर, बीट, फरसबी, नवलकोल हे इंग्लिश. श्राद्धाच्या स्वयंपाकात इंग्लिश भाज्यांना मज्जाव. बटाटा, टोमॅटो आणि मिरचीलाही. तिखटपणासाठी मिरीच, आणि भाज्या कच्ची केळी, गवार, पडवळ, कारलं, रताळं अशा. आपल्याकडेही श्राद्धाला गवार, भोपळा, कारलं यांनाच मान असतो, तेव्हा हे तर्कट परकं नाही. इंग्लिश हे नाव तसं ढिलंच आहे. फरसबीचं मूळ अमेरिका खंडात. पण या भाज्या तमिळ प्रदेशात रुळल्या त्या नीलगिरीतल्या साहेबांमुळे, हे खरं. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९च्या सुमारास डोंगरावर चढला आणि त्यानं उटीकडे युरोपीय पिकांची लागवड सुरू केली. १८४७मध्ये तिथल्या युरोपीय रहिवाशांनी महिना ३ रुपये वर्गणी काढून बाग चालवली. वर्गणीदारांना त्या बदल्यात भाजी फुकट. आज सहलीला जाणारे लोक जिथे फोटो काढतात ते उटीचं वनस्पती उद्यान या भाजीच्या वर्गणीतून उभं राहिलेलं आहे.

या दोन गटांत आणखी एक फरक आहे. त्याची चर्चा होत नाही, पण विळीवर बसलेल्या बाईला तो पक्का ठाऊक असतो. इंग्लिश भाजी निवडायला सोपी. गाजर धुतलं, तासलं, चिरलं, झालं. कोबीला तर तेवढंही नाही. देशी भाजी वेळ खाते: केळफूल, गाभा, शिरा ओढायचा घेवडा, काड्या खुडायचा शेवग्याचा पाला, मातीनं भरलेला माठ, पापुद्र्यांचे कांदे. घरातली बाई नोकरीला निघाली की स्वयंपाकघरातून आधी हद्दपार होतात त्या देशी भाज्या, आणि लोक म्हणतात की नव्या पिढीची चव बदलली. चव बदललेली नाही, वेळ संपलेला आहे. मांबलमला साफ केलेलं केळफूल बघता बघता उचललं जातं, ते उगाच नाही.

१९५१ साली एस. मीनाक्षी अम्माळ यांनी मद्रासमध्ये ‘समैत्तु पार’ हे पाकपुस्तक काढलं. नव्या संसाराला लागलेल्या मुलींना मापासकट पाककृती सांगणारं हे पुस्तक लग्नाच्या आहेरात देण्याची रीत पडली. मराठी घरांत पुढे ‘रुचिरा’नं जे केलं, तेच. अशा पुस्तकात भाजीचं माप असतं, पाण्याचं असतं, मिठाचं असतं. निवडायला लागणाऱ्या वेळाचं माप नसतं. तो वेळ गृहीत धरलेला असतो.

पोषणाचे सल्लेही असेच. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खा. बटाटा त्यात मोजू नका. जपाननं नुसत्या भाज्यांसाठी ३५० ग्रॅमचं लक्ष्य ठेवलेलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शिका तर २,००० कॅलरींच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि वर १०० ग्रॅम फळं धरते. चार माणसांच्या घरात याचा हिशेब मांडला तर रोज दीड किलोहून जास्त भाजी, आणि ती निवडल्यानंतरच्या वजनाची. सल्ला चुकीचा नाही. तो पाळायचा तर विळीवर कोण बसणार, हे मात्र त्यात लिहिलेलं नसतं.

कोण बसतं ते सरकारी आकड्यांत आहे. २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि त्यात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ला बायकांची मिनिटं २८९ झाली. पुरुषांची झाली ८८. म्हणजे बायकांचं काम दहा मिनिटांनी हलकं झालं आणि पुरुषांनीही लगेच आपली नऊ मिनिटं कापून घेतली!

मुंबईच्या बायकांनी यावर लोकलचा तोडगा काढला. परतीच्या गाडीत लेडीज डब्यात मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडणं, मटार सोलणं हे दृश्य सगळ्यांच्या परिचयाचं आहे आणि त्याचं कौतुकही फार होतं. कौतुक जरा जपून करावं. दिवसभर नोकरी करून डब्यातही शिफ्ट करणारी बाई हा व्यवस्थेच्या अभिमानाचा विषय नाही. हे काम इतरांनी वेगळ्या वाटांनी वाटून घेतलं. कोरियात हिवाळ्याच्या तोंडावर कोबीची किमची घालण्यासाठी नातेवाईक आणि शेजारी एकत्र जमतात. त्या ‘किमजांग’ला युनेस्कोनं २०१३ साली सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. अमेरिकेत क्लेरेन्स बर्ड्‌सायनं १९३०मध्ये गोठवलेले मटार आणि पालक दुकानात आणले आणि सोलण्याचं काम कारखान्यात गेलं. चेन्नईनं ते फुटपाथवर आणलं. यात पैसा बाईकडून बाईकडे जातो, आणि केळफुलासारखी कारखान्याला न परवडणारी भाजीही टिकते.

या पिशव्यांत सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. चिरल्यावर भाजीतलं ‘क’ जीवनसत्त्व हवेनं आणि उजेडानं उतरत जातं; चिरून धुतलं तर पाण्याबरोबरही जातं. आधी धुवा मग चिरा आणि फोडी फार बारीक करू नका, असं आहारतज्ज्ञ सांगतात ते त्यासाठीच. दुपारी चिरलेली, चेन्नईच्या उकाड्यात प्लॅस्टिकमध्ये राहिलेली आणि दुसऱ्या सकाळी शिजणारी फरसबी ताज्या फरसबीच्या बरोबरीची नसते. फुटपाथवर पाण्याची सोय कशी असते तेही सगळ्यांना माहीत आहे. घेणाऱ्या बायकांनाही हे कळतं, म्हणून त्या निवडून घेतात. सोललेले कांदे आणि लसूण बिनधास्त. केळफूल ताकात बुडवलेलं असेल तर. पालेभाजी चिरलेली शक्यतो नाहीच, जुडीच घेतात आणि घरी निवडतात. वातानुकूलित दुकानांत हीच भाजी ट्रेमध्ये, तारीख-वार छापून मिळते. तिथे घासाघीस कुणी करत नाही.

तमिळनाडूला भाजी हा सार्वजनिक प्रश्न आहे हे जुनंच कळलेलं आहे. मद्रास महापालिकेनं १९२०मध्येच थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण सुरू केलं होतं. २०२२ला सुरू झालेल्या शाळेतल्या न्याहारी योजनेत उपमा, खिचडी, पोंगल यांच्याबरोबर भाज्या घातलेलं सांबार असतं. अम्मा उणवगम या स्वस्त खानावळी २०१३मध्ये सुरू झाल्या तेव्हा सांबार-भात ५ रुपयांना होता आणि त्या चालवायला बचत गटाच्या बायका होत्या. इथे निदान भाजी चिरण्याची मजुरी मिळते, हा फरक लहान नाही. चेन्नईतल्याच एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठाननं आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या गावांत पोषणबागांचं काम केलं. घरामागे पालेभाज्या, शेवगा, भोपळा लावले की घरात भाजी जास्त खाल्ली जाते हे त्यातून दिसलं. पेरियाकुळमच्या उद्यानविद्या महाविद्यालयानं काढलेला ‘पीकेएम-१’ हा शेवगा तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्याही ओळखीचा. भाजी पिकवण्याचं गणित देशात पुष्कळ सुटलेलं आहे. निवडण्याचं कुणी मांडलेलंच नाही.

मांबलमला २०२३मध्ये स्टेशनपासून त्यागराय नगरच्या बस स्थानकापर्यंत उंचावरून जाणारा पादचारी मार्ग झाला. गर्दीला सोय झाली, पण वरून जाणाऱ्याला खालची अक्का दिसत नाही. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४चा आहे. शहराची आखणी करताना चिरलेली भाजी विकणाऱ्या बाईला चार फूट जागा, सावली आणि पाण्याचा नळ मिळाला, तर वर सांगितलेल्या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतील. आरोग्य खात्याच्या जाहिरातीपेक्षा हा खर्च नक्कीच कमी आहे.

अशा बाया आपल्याकडेही आहेत. दादरला, गिरगावात सोललेले वाल घेऊन बसलेल्या, खोबरं खवून देणाऱ्या, फणसाचे गरे काढून देणाऱ्या. त्यांनी भाव सांगितला की ‘बाजारात निम्म्याला मिळतं’ असं कृपा करून म्हणू नका. बाजारात मिळतं ते सालासकट.